कोणती गुळवेल?

नाशिकला रामकुंडाकडून गाडगे महाराज पुलाच्या दिशेनं निघालं, की फुलांच्या परड्या, पितळी गडवे आणि गंगेचं पाणी भरून न्यायचे प्लास्टिकचे कॅन मागे पडतात आणि जमिनीवर अंथरलेली एक ताडपत्री लागते. तिच्यावर मुरुडशेंगा, सागरगोटे, हिरडे, बेहडे, रिठ्यांचा ढीग, अर्जुनाच्या सालीचे ढलपे, काडेचिराइताच्या पेंढ्या. कडेला बोटाएवढ्या जाडीच्या वेलीचे तुकडे सुतळीनं बांधून ठेवलेले. वरचं सालपट कागदासारखं सुटलेलं, नखानं खरवडलं की खाली हिरवं.

"गुळवेल का?"

"हो ताई. ताजी आहे, सकाळीच आलीय पेठकडनं."

"कोणती गुळवेल?"

मावशींनी मान वर केली. "म्हंजे? गुळवेल म्हंजे गुळवेल. लिंबावरची पाह्यजे का? ही लिंबावरचीच आहे."

कापून बांधलेल्या तुकड्याला लिंब चिकटलेला नसतो, तेव्हा विश्वास ठेवणं आलं. मी वीस रुपयांची जुडी घेतली. संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय दिला होता 'मुळं', आणि माझ्या वाट्याला आली होती औषधी वनस्पतींची गोष्ट. गुळवेलीचं औषधात येतं ते खोड, मूळ नव्हे. पण ती पिशवीत पडली आणि पुढचे चार दिवस तिनंच मला फिरवलं.

पाच झाडं

पंचवटीत सीता गुंफेजवळच्या पाच वडांना नंबर दिलेले आहेत. भाविक मान वर करून एक, दोन, तीन मोजतात, पाचवा सापडला की हात जोडतात. पुराणातली पंचवटीची व्याख्या मात्र वेगळी आहे. पूर्वेला पिंपळ, उत्तरेला बेल, पश्चिमेला वड, दक्षिणेला आवळा आणि आग्नेयेला अशोक, अशी पाच वेगवेगळी झाडं. नाशिककरांनी पाचही वडच धरले. म्हणजे 'कोणतं झाड?' हा प्रश्न पंचवटीच्या नावातच आहे, आणि कुणाचं त्यावाचून अडलेलं नाही.

औषधात मात्र अडतं. वडाची साल घ्या. सुश्रुताच्या न्यग्रोधादी गणात वड पहिला. प्रमेहाच्या रुग्णाला वडाच्या सालीचा काढा द्यायची रीत जुनी आहे. १९६०च्या दशकात ब्रह्मचारी आणि ऑगस्टी या संशोधकांनी सालीतले घटक वेगळे करून रक्तातल्या साखरेवर त्यांचा परिणाम तपासला, पुढे ऑगस्टींनी ल्युकोपेलार्गोनिडिन नावाच्या घटकांवर बरीच वर्षं काम केलं. साखर उतरत होती, सशांत आणि उंदरांत. साठ वर्षं झाली. औषधाच्या दुकानात वडाच्या सालीतून काढलेली मधुमेहाची गोळी मिळत नाही. दोष वडाचा की आमच्या धीराचा, हे मी विचारत फिरले.

विचारायला पंचवटीएवढी सोयीची जागा नाही. गणेशवाडीत आयुर्वेद सेवा संघाचं आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याची आरोग्यशाळा. महात्मा गांधी विद्यामंदिराचं फार्मसी कॉलेजही पंचवटीतच. दिंडोरी रोडनं पुढे म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ पासून राज्यातल्या ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी सगळ्यांच्या परीक्षा घेणारं. ताडपत्रीवरच्या मावशी, वैद्य, औषधशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यापीठ, सगळे एका रिक्षाच्या टप्प्यात. एकमेकांकडे जाणं-येणं किती, ते सोडा.

चक्र दिसतं

गावातल्या एका फार्मसी कॉलेजात मी माझी जुडी टेबलावर ठेवली. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, कळवणची, तिचं कामच गुळवेलीवर चाललेलं. तिनं ब्लेड घेतलं, तुकड्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ आडवा काप काढला आणि काचपट्टीवर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब टाकला. मिनिटभरात कापातला लाकडी भाग लालगुलाबी झाला. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बैलगाडीचं चाक. मधे तुंबा, बाहेर धाव, आणि तुंब्यापासून धावेपर्यंत लाल आरे.

"निघंटूत हिचं एक नाव चक्रलक्षणिका आहे," पाठीमागून प्राध्यापक म्हणाले. "त्यांच्याकडे मायक्रोस्कोप नव्हता, पण कापून बघितलेलं होतं." जुनी संस्कृत नावं म्हणजे ओळखपत्रंच आहेत. वत्सादनी, कारण वासरं ती खातात. छिन्नरुहा, कारण तोडली तरी पुन्हा रुजते. अमृता हे नाव गुणाचं, बाकीची बरीचशी ओळख पटवण्यासाठीची.

"मग ही खरी गुळवेल?"

"टिनोस्पोरा आहे. कोणती ते नाही सांगता येत. चाक तिन्ही बहिणींत दिसतं."

तीन बहिणी अशा. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही औषधातली गुळवेल, पान हृदयाच्या आकाराचं, दोन्ही अंगांनी गुळगुळीत. टिनोस्पोरा सायनेन्सिस, सह्याद्रीत भरपूर, हिच्या पानाच्या खालच्या अंगाला लव. टिनोस्पोरा क्रिस्पा, हिच्या खोडावर गाठीच गाठी. पान असेल तर शेंबडं पोरही ओळखेल, असं प्राध्यापक म्हणाले, आणि बाजारात पान येत नाही. तुकडे येतात, वाळले की ते सगळे सारखेच. म्हणून कॉलेजात कामाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, रानात होते. पानाफुलासकट फांदी आणायची, वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची, ओल धरली की कागद बदलायचे, जाड पुठ्ठ्यावर शिवायची आणि वनस्पतितज्ज्ञाकडून, बहुतेकदा पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेकडून, नावाचा दाखला आणायचा. प्रबंधात या दाखल्याला एक ओळ मिळते.

"आणि पावडर बाजारातून आणली तर?"

ती हसली. "आणतात काही जण. मग दाखला एका झाडाचा आणि उंदराला दुसरंच."

सॉक्सलेट लावलंय

सावलीत वाळवलेल्या खोडाची भरड पूड कागदाच्या नळकांडीत भरतात आणि काचेच्या सॉक्सलेट यंत्रात ठेवतात. खाली गोल बुडाच्या चंबूत अल्कोहोल तापतं, वाफ वर जाते, थंड पाण्याच्या नळीपाशी तिचे थेंब होतात आणि पुडीवर टपटपतात. पातळी वाढत वाढत वक्रनलिकेच्या माथ्यापर्यंत आली, की सगळा द्राव घळकन खाली चंबूत उतरतो. पुन्हा पहिल्यापासून. नलिकेतला द्राव रंगहीन दिसेपर्यंत, म्हणजे कधी दहा तास, कधी दोन दिवस. मुलांच्या तोंडी सारखं हेच, 'आज येत नाही, सॉक्सलेट लावलंय.' मधेच नळाचं पाणी गेलं तर वाफ गार व्हायची थांबते आणि अल्कोहोल खोलीभर उडून जातं. पाणी कधी येतं-जातं, हे त्या मजल्यावर शिपायाइतकंच विद्यार्थ्यांना पाठ.

शेवटी वाटीत उरतो तो अर्क. मी पाहिला तो काळपट तपकिरी, काकवीसारखा चिकट, पात्याला सोडेना. ड्रॅगेनडॉर्फच्या द्रावणाचे दोन थेंब टाकल्यावर नारिंगी साका बसला, अल्कलॉइडं आहेत म्हणून. गुळवेलीत बर्बेरिन, पामॅटिन, मॅग्नोफ्लोरिन अशी मंडळी असतात, कडवट चव बरीचशी त्यांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची.

माझा प्रश्न साधा होता. वैद्य पाण्यात काढा करतात, तुम्ही अल्कोहोलमध्ये का? कळवणच्या विद्यार्थिनीनं प्रामाणिकपणे सांगितलं की पाण्याच्या अर्काला बुरशी लवकर लागते, अल्कोहोल आटवायला सोपं आणि आधीचे सगळे पेपर अल्कोहोलवर आहेत. हा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. द्रावक बदलला की आत येणारे घटक बदलतात, म्हणजे औषधच बदललं. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाला मलेरियावर अर्टेमिसियाचा परिणाम नीट मिळेना. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पोथीत वनस्पती पाण्यात भिजवून रस पिळून घ्यायला सांगितलं होतं. उष्णतेनं घटक मोडत असणार हे तिथून त्यांच्या लक्षात आलं, आणि १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरल्यावर अर्क लागू पडला. २०१५ला नोबेल मिळालं. पोथी वाचायची ती गुणवर्णनासाठी नव्हे तर कृतीसाठी, असं मला तेव्हापासून वाटतं. आपल्याकडे उलट होतं. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात चरक-सुश्रुतांना नमस्कार, आणि दुसऱ्या प्रकरणापासून पेट्रोलियम ईथर.

मात्रेचंही तसंच. उंदरांना किलोमागे दोनशे मिलिग्रॅम अर्क, ही कितीतरी पेपरांत दिसणारी मात्रा. मी तिला म्हटलं, माझ्यासाठी हिशेब करून दे. तिनं जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागे केला. मोठ्या उंदराची मात्रा माणसात आणायला साधारण ६.२ नं भागायचं. आले किलोमागे ३२ मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला जवळपास दोन ग्रॅम अर्क. पुडीतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर वीस ग्रॅम सुकी पूड, रोज. "काही पेपरांत किलोला हजार मिलिग्रॅमही देतात," ती म्हणाली. मग शंभर ग्रॅम. इतकं सुकं लाकूड कुठलाच वैद्य कुणाला खाऊ घालणार नाही, आणि उंदराला विचारायची सोय नाही.

स्ट्रिक्निनपुढे

नाशिकहून निघालेला एक शोधनिबंध मात्र मला आवडतो. कस्तुरे, चोपडे आणि देशमुख यांचा, २००० साली 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी'त छापून आलेला. शिरीषाची पानं, जास्वंदीची फुलं आणि पळसाची फुलं, या तिघांचा झटक्यांवर काही उपयोग होतो का, याचा तपास.

झटका आणायच्या पाच वाटा त्यांनी घेतल्या. विजेचा एकच जबर धक्का. थोड्या थोड्या विजेनं दिवसेंदिवस मेंदूला झटक्याची सवय लावणं. पेंटिलीनटेट्राझोल हे रसायन. लिथियमसह पिलोकार्पिन. आणि स्ट्रिक्निन, जे आपल्याच काजऱ्याच्या बीतलं विष. अर्क घेऊन तो एकदम वापरला नाही, तर एकेका द्रावकानं त्याचे तुकडे पाडत गेले, प्रत्येक तुकडा प्राण्यावर तपासला आणि गुण ज्या तुकड्यात उतरला तोच पुढे नेला. पहिल्या चार झटक्यांपासून या तुकड्यांनी प्राण्यांना वाचवलं. मेंदूतलं गाबा आणि सेरोटोनिन वाढलं. झोपेच्या औषधाची झोप लांबली.

स्ट्रिक्निनपुढे मात्र काही चाललं नाही, आणि तेही त्यांनी छापलं. मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच ओळ. स्ट्रिक्निन मुख्यतः मज्जारज्जूत ग्लायसिनची दारं बंद करतं. तिथे अर्क हरला आणि बाकी ठिकाणी जिंकला, याचा अर्थ त्याची वाट ग्लायसिनची नसावी, दुसरी असावी. 'सगळ्यावर लागू' असं लिहिलं असतं तर हा अंदाजही करता आला नसता. जाहिरातीतला काढा सगळ्यावर लागू असतो.

एक गोष्ट विसरायची नाही. पळसाचा गुण पेट्रोलियम ईथरच्या अर्कात मिळाला. पळसाची फुलं पाण्यात उकळून रंगपंचमीला रंग करायची रीत आपल्याला ठाऊक आहे. त्या पाण्यात आणि या अर्कात बहुधा नावापुरतंच नातं. हा निबंध वाचून कुणी झटक्याच्या रुग्णाला पळसाचं पाणी पाजायला निघाला, तर त्यानं निबंध वाचलाच नाही. गोळ्या बंद करून असे प्रयोग केल्यावर काय होतं, ते आकडीचे रुग्ण पाहणारा कोणताही डॉक्टर सांगेल.

केईएमचे तीस रुग्ण आणि आमच्या घरचा काढा

शरदिनी डहाणूकर मराठी वाचकांना 'वृक्षगान'मुळे माहीत. मुंबईच्या केईएममध्ये त्या औषधशास्त्र शिकवायच्या. तिथल्या आयुर्वेद संशोधन केंद्रात गुळवेलीवर झालेलं काम उंदरापाशी थांबलं नाही. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया जोखमीची, कारण अशा माणसाची प्रतिकारशक्ती खचलेली असते आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. रेगे, बापट, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी असे तीस रुग्ण घेतले. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्याच्या जोडीला गुळवेलीचा अर्क. १९९३ साली निष्कर्ष छापले. नेहमीच्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग पसरला, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगले ते ४० टक्के आणि ९२.४ टक्के.

तीस हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या जगाला औषध देता येत नाही. पण प्रश्न किती नेमका होता! कोणता रुग्ण, कोणत्या घडीला, कशाच्या जोडीला, सगळं ठरलेलं. पुढे १९९९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी गुळवेलीतून प्रतिकारपेशींना चाळवणारी एक बहुशर्करा वेगळी केली. म्हणजे वेलीत प्रतिकारशक्तीला जागं करणारं काहीतरी आहे, हे दोन बाजूंनी दिसलं.

मग आलं २०२०, करोनाचं वर्ष. आमच्या सोसायटीतल्या लिंबावरची गुळवेल त्या उन्हाळ्यात बुडापर्यंत ओरबाडली गेली. आमच्याही घरी रोज सकाळी पेलाभर काढा. मात्रा कुणाला विचारली नव्हती, किती दिवस घ्यायचा तेही नाही. आई म्हणायची, "झाडपाल्याचं काय, अपाय तर नाही ना?"

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. यकृताला सूज, कावीळ, आणि सहाही जण गुळवेल घेणारे. २०२१ मध्ये आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केलं. चित्र बरंचसं असं, की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटली. पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयानं मुंबईच्या निबंधावर हरकत घेतली: घेतलेली वनस्पती नक्की कोणती हे तपासलेलंच नाही, ती क्रिस्पा असू शकेल. गुळवेल सुरक्षितच आहे.

दोन्ही बाजूंचं वाचताना मला ताडपत्रीवरच्या मावशी आठवल्या. डॉक्टर म्हणतात, जी झोपलेल्या प्रतिकारशक्तीला उठवते ती आधीच बिथरलेल्या प्रतिकारशक्तीलाही डिवचू शकते. माझ्या मते यात तथ्य आहे, केईएमच्या कामाशी ते विसंगतही नाही. मंत्रालय विचारतं, कोणती गुळवेल? हा प्रश्नही खोटा नाही. फक्त तो काढे पाजण्याआधी, देशभर गुळवेलीचा सल्ला देण्याआधी विचारायला हवा होता.

मुळाची एक गोष्ट

विषय 'मुळं' होता, तेव्हा मुळाची एक गोष्ट. सर्पगंधेचं मूळ. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर ते वापरून १९४९ला 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिलं. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीत त्यातलं रेसर्पिन वेगळं झालं आणि मूळ गोळी होऊन जगभर गेलं. मग दिसलं की या गोळीनं काही रुग्णांचं मन खचतं, तेव्हा ती हळूहळू मागे पडली. इकडे रानांतून सर्पगंधा इतकी उपटली गेली की आज तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांखाली आहे. मूळच औषध असलं की झाड मरतं, खोड असलं तर पुन्हा फुटतं. गुळवेलीचं नशीब.

आता २०१५ पासून कायद्यात 'फायटोफार्मास्युटिकल' असा वर्ग आहे. शुद्ध एका रेणूची अट नाही, अर्कातले किमान चार घटक मोजून दाखवायचे आणि पुढे इतर औषधांसारख्याच चाचण्या. वाट चांगली आहे. तिच्यावर चालायला लागणारा पैसा एम.फार्म.च्या प्रबंधाला मिळत नाही. दोन वर्षांत पदवी, एक पेपर, उंदीर, संपलं. पुढच्या बॅचला नवं झाड.

सत्त्व

शेवटच्या दिवशी पंचवटीतल्या एका जुन्या वैद्यांच्या घरी गेले. सत्तरी ओलांडलेले. मागच्या अंगणात त्यांनी मला गुळवेलीचं सत्त्व दाखवलं. ओल्या खोडाचे तुकडे ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी हातानं खळखळून कुस्करायचे, फडक्यातून गाळायचं आणि ते पाणी हलवायचं नाही. तासाभरात परातीच्या बुडाशी पांढरा थर बसतो. वरचं हिरवट पाणी अलगद ओतायचं, थर वाळवायचा. परातभर वेलीला चमचाभर. मी जिभेवर ठेवलं. खडूसारखं, मागाहून अगदी पुसट कडू.

"हे बरंचसं स्टार्चच असतं, प्रयोगशाळेत कळतं आम्हाला," ते म्हणाले. "म्हणून तर बाजारात बटाट्याची पिठी मिसळली तरी कुणाला पत्ता नाही."

मी त्यांनाही जुडी दाखवली. त्यांनी एक तुकडा मोडला, हुंगला, चावला, थुंकले. "असेल. पण मी हिचं औषध देणार नाही."

"का?"

"वेल पाहिलेली नाही ना मी."

प्राध्यापकांनी पान मागितलं होतं, यांनी वेल मागितली. उरलेले तुकडे घेऊन मी घरी आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी खिळ्याला टांगून विसरले. माती नाही, पाणी नाही. तीन आठवड्यांनी भांडी लावताना दिसलं, एका तुकड्याला कोंब फुटलाय. छिन्नरुहा. कोंबाच्या टोकाला नखाएवढं पान, घडी अजून पुरती उलगडलेली नाही. खालच्या अंगावरून बोट फिरवून पाहिलं. लव आहे की नाही, काही कळेना. आणखी आठवडाभर थांबावं लागेल.